डावी बाही

मास्तरीणबाईंच्या शिवणीत खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि त्या घरात दुसऱ्या कुणाचं मत चालत नसल्यामुळे तेच खरं होतं!

शाळा त्यांनी तिसरीतच सोडली होती. पण शिंप्याच्या धंद्यात कापड बेततो त्याला मास्तर म्हणतात, आणि कात्री मास्तरीणबाईंशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती लागतच नव्हती. म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. पलीकडच्या शाळेतल्या खऱ्या मास्तरीणबाईसुद्धा!

घराच्या पुढच्या खोलीत दुकान. खिडकीशी दोन मशिनी, मध्ये बेतायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडद्याचा आडोसा. मागच्या खोल्यांत संसार. मागचं पुढे आणि पुढचं मागे येऊ द्यायचं नाही, असा कायदा होता. आता हा कायदा घरातल्या सगळ्यांसाठी आहे असं मास्तरीणबाई म्हणायच्या, पण केला होता तो नवऱ्याच्या कोटासाठी.

नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. शांत माणूस. बायको बोलायला लागली की चष्मा पुसायचा, आणि त्यामुळे त्याच्या चष्म्याइतका स्वच्छ चष्मा गल्लीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण एका बाबतीत हा माणूस हटून बसला होता. लग्न झाल्यावर मास्तरीणबाई नुकत्या मशीनवर बसायला शिकल्या तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला कोट शिवला होता, तो ह्याच्यासाठी. तपकिरी रंगाचा. कॉलर एका बाजूला रुसलेली, काजं अशी की उंदरानं कुरतडून दिली असावीत, आणि डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं लांब! तो कोट हा माणूस अजून घालायचा. मिळेल तेव्हा. कोपरं फाटली, तर ठिगळं लावून!

"अहो, कितीदा सांगितलं, फेका तो कोट!"

"का? मला बसतो."

"तुम्हाला काय, पोत्याला दोन भोकं पाडून दिली तरी बसेल! लोक काय म्हणतील? मास्तरीणबाईंचा नवरा, आणि एक बाही गुडघ्यापर्यंत?"

"लोक बघतात कुठे? मी मागेच असतो."

"मागेच असा!"

तर असं चाललं होतं. मग एका गुरुवारी सून बाहेरून आली ती डोळे चमकवत.

सून लहान मुलांच्या कपड्यांचे नवेनवे नमुने काढायची. दुसऱ्या मशीनवर ती बसायची, आणि मशीनशेजारी तिचा कॉम्प्युटर. शिकलेली होती, पण मास्तरीणबाईंच्या मते हाताला वाईट नव्हती. सून कुठल्याशा सभेला गेली होती. डिझायनर लोकांनी, कारागिरांनी आपापलं काम कसं जपून ठेवावं, हे तिथे सांगत होते.

"आई, आपण फार चुकलो! आपल्या कामाचा आपणच संग्रह करायला हवा होता. केलेल्या प्रत्येक वस्तूतली एक जपून ठेवायची, ती कुणासाठी केली, कुठलं कापड, कुठला दोरा, सगळं टिपून ठेवायचं, फोटो काढायचे. नाहीतर माणूस गेला की काम गेलं!"

"मी कुठे चाललेय?"

"तसं नव्हे हो! आणि ऐका तर. गावातल्या संग्रहालयात हातानं काम करणाऱ्यांसाठी वेगळं दालन काढतायत. काचेचं एक कपाट रिकामं आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, शिवणकामाचं काही मिळालं तर तुम्हाला देऊ. नाहीतर मागच्या गल्लीतल्या बूटवाल्यांना देणार आहेत."

बूटवाल्याचं नाव निघालं, आणि मास्तरीणबाईंच्या हातातली कात्री थांबली.

"त्याला? त्याला कशाबद्दल?"

"त्यांनी सगळं जपून ठेवलंय ना! इतक्या वर्षांत जे जे नवं केलं, त्यातला एकेक बूट त्यांच्याकडे आहे."

"एकेक? मग गिऱ्हाईकं काय लंगडत घरी गेली?"

"जास्तीचा करायचे हो ते, नमुना म्हणून! तुमच्याकडे आहे का असं काही ठेवलेलं?"

आता खरं सांगायचं तर मास्तरीणबाईंकडे जपून ठेवलेलं चिंधीभरही काही नव्हतं. शिवलं, गिऱ्हाईकाला दिलं, विषय संपला. कागदावर काढलेले नमुनेसुद्धा त्या ठेवायच्या नाहीत. मोठ्या माणसाच्या कोटाचा कागद झाला की तोच कापून लहान मुलाचा, तोच कापून बाळाच्या टोपीचा. त्यांचं निम्मं आयुष्य एका टोपीच्या कागदात मावलेलं होतं! पण बूटवाल्याच्या पुढे हार खायची?

"आहे तर! पेट्या भरून आहे!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "कळव तुझ्या त्या बाईंना."

सुनेनं लगेच फोन लावला. बाई म्हणाल्या, वा, सोमवारी येते बघायला. फोन ठेवून सून वळली.

"कुठे आहेत पेट्या?"

"लोकांच्या घरी," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जाऊन आणायच्या."

लोकांकडून जुने कपडे परत मागायचे, पण का, हे सांगायचं नाही. मास्तरीणबाईंकडे स्वतःचं एक टाचणीएवढं काम नाही, हे गल्लीला कळलं तर काय राहिलं? म्हणून त्या पहिल्यांदा गेल्या धाकट्या जावेकडे. जाऊ दोन घरं सोडून राहायची. तिच्या मुलीचा लहानपणचा फ्रॉक मास्तरीणबाईंनी शिवलेला होता.

"फ्रॉक? तो कशाला हवा, ताई?"

"असाच. बघायचाय."

"इतक्या वर्षांनी?"

"तुला प्रश्न फार पडतात! दे म्हटलं की द्यावा!"

जावेनं फ्रॉक दिला. पण जाऊ म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राला कारणाशिवाय बातमी छापता येत नाही. तिनं थोडा विचार केला, कारण शोधलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर पोचवलं: मास्तरीणबाईंनी वापरलेल्या कापडात काहीतरी भयंकर खराबी निघालीय, अंगाला खाज सुटते म्हणे, म्हणून त्या सगळा माल परत घेतायत. आणि बदली नवा देतायत!

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर रांग!

पावभट्टीवाला दोन एप्रन घेऊन उभा. त्याच्या मागे शाळेच्या बाई रेनकोट घेऊन. त्यांच्या मागे पडदे, उशीचे अभ्रे, गादीची खोळ. एक म्हातारा तर छत्री घेऊन आला होता.

"छत्री मी शिवते का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कापडच आहे ना? खाज सुटते."

"कुठे?"

"पाठीला."

"छत्री पाठीला लावता कशाला?"

भट्टीवाला पुढे सरकला. "मास्तरीणबाई, बदली नवा आजच मिळेल ना? बिनएप्रनचा भट्टीवर कसा उभा राहू?"

"कसला बदली? कोण म्हणालं?"

"आता नाही म्हणू नका! काल रात्रीपासून खाजतंय मला. त्याआधी कळलंच नव्हतं, इतकी वर्षं खाजत होतं ते!"

सून मध्ये पडून समजूत काढत होती. पण मास्तरीणबाई बसल्या बसल्या एकेक वस्तू हातात घेत होत्या आणि निवाडा देत होत्या. हे माझं, हे माझं नव्हे. तयार कपड्यांच्या दुकानातला शर्ट घेऊन एकजण आला, त्याला त्यांनी कॉलर दाखवून हाकलला. "ही कॉलर बघ, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लोळतेय! माझी कॉलर मान ताठ ठेवते, माणसाची नसली तरी!" लोक हसले. मास्तरीणबाईंना चढलं. त्यांनी शाळेच्या बाईंचा रेनकोट उचलला, उलटापालटा केला आणि सगळ्या रांगेला दिसेल असा धरला.

"आणि हा! हा कुण्या आंधळ्यानं शिवला? टाके बघा, नशेतल्या मुंगीसारखे चाललेत! खिसा एक पूर्वेला, एक पश्चिमेला! बाई, कुणी फसवलं तुम्हाला?"

शाळेच्या बाईंनी फक्त रेनकोटाचं अस्तर उलटून दाखवलं. आतल्या बाजूला मास्तरीणबाईंच्या दुकानाची कापडी पट्टी होती. हातानं शिवलेली.

रांगेतला छत्रीवाला म्हातारा आधी हसला, आणि मग काही विचारू नका!

मास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या वस्तू ठेवून घेतल्या आणि रांगेला घरी घालवलं. दार लावलं. टेबलावर डोंगर झाला होता. त्यांनी त्यातला एकेक कपडा उलटून बघायला सुरुवात केली, आणि जसजशा बघत गेल्या तसतसा त्यांचा चेहरा आंबत गेला. जावेच्या मुलीच्या फ्रॉकचा घेर एका बाजूला लोंबतोय. एप्रनचा बंद तिरका. अभ्र्याला चार कोपरे, चौघांचं तोंड चार दिशांना! आणि हे सगळं काचेच्या कपाटात जाणार? खाली नावाची पाटी लावून? बूटवाला येऊन बघणार?

"आई, छान आहे हो सगळं!" सून खरंच हरखली होती. "तुम्ही कसकशा शिकत गेलात ते कळतं यात. मी आता बाजारातून पेट्या घेऊन येते, संध्याकाळ होईल. आधी फोटो, मग टिपण, मग मऊ कागदात गुंडाळून पेटीत. तोवर कशाला हात लावायचा नाही हं. धुवायचं नाही, इस्त्री नाही. डाग आहे तर राहू दे, उसवलंय तर उसवलेलं राहू दे. आहे तसंच हवं."

"मी कशाला हात लावते?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

सून कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी दम धरला.

फक्त एकच टाका, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. फ्रॉकच्या घेराचा, तो लोंबणारा. पण एक टाका सरळ केला की शेजारचा जास्तच वाकडा दिसतो. तो सरळ केला की त्याच्या पलीकडचा. घेर सगळाच उसवला. पुन्हा घातला. मग वरची कंबर खालच्या घेरापुढे गरीब दिसायला लागली, तीही उसवली. मग रेनकोटाचे खिसे. मग एप्रनचे बंद. मशीन अशी धावत होती की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. जुना फिकट दोरा दिसेल तिथून ओढून काढला, नवा घातला. बटणं बदलली. मग कपडे इतके नीट झाले की त्यांच्यावरचे डाग डोळ्यांत खुपायला लागले, म्हणून टपात घातले. टप भरला, साबणाचा फेस झाला, आणि एवढा फेस वाया कशाला घालवायचा म्हणून मास्तरीणबाईंनी नवऱ्याचे खुंटीवरचे सगळे शर्ट, पँटी, स्वेटरसुद्धा त्यात बुडवले.

"अगं, मी घालू काय?" नवऱ्यानं मागून विचारलं. त्याच्या अंगात बनियन आणि पायजमा होता.

"उन्हात वाळत घालते, तासाभरात सुकतील! तोवर बसा गप्प!"

नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. ट्रंकेच्या तळाशी एकच वस्तू कोरडी होती. त्यानं ती घातली.

गिऱ्हाइकांचे कपडे आधी वाळवले, इस्त्री मारली, घडी घालून टेबलावर रचले. इतके सरळ, की पट्टी लावून घ्यावी. मास्तरीणबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या आणि जन्मात आपल्याइतकं सुंदर कुणी शिवलं नाही अशी त्यांची खात्री होत होती, तेवढ्यात दार वाजलं. सून पेट्या घेऊन आली. पण एकटी नाही.

"आई, ह्या संग्रहालयातल्या बाई! पेट्यांच्या दुकानातच भेटल्या. म्हटलं, सोमवार कशाला, आजच चला!"

संग्रहालयातल्या बाई बारीकशा, चष्म्याला दोरी लावलेल्या, आणि येता येताच पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घालणाऱ्या. सुनेच्या नाकाला आधी साबणाचा वास आला. मग तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. तिच्या हातातली वरची पेटी खाली पडली.

"आई..."

"या, बसा!" मास्तरीणबाई सुनेच्या अंगावरून पुढे झाल्या. "हे बघा. सगळं माझ्या हातचं!"

बाईंनी फ्रॉक उचलला. भिंग लावून घेराची शिवण पाहिली. उलटून पाहिली.

"हा कधीचा?"

"फार जुना! माझी पुतणी रांगत होती तेव्हाचा. आता तिचं पोर रांगतंय."

"दोरा मात्र ह्या महिन्यातला दिसतोय."

"आमच्याकडे दोरा टिकतो!"

"आणि साबणही," बाई म्हणाल्या. त्यांनी रेनकोट पाहिला, एप्रन पाहिले, अभ्रे पाहिले. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट होतं. "मास्तरीणबाई, काम उत्तम आहे. पण पहिल्या दिवसापासून तुम्ही असंच शिवत होतात?"

"पहिल्या दिवसापासून!"

"मग शिकलात कधी?"

मास्तरीणबाईंनी टेबलावरचा अभ्रा उचलून त्याची घडी पुन्हा घातली.

"आम्हाला कशी वस्तू हवी असते सांगते," बाई हातमोजे काढायला लागल्या. "जिच्यात करणाऱ्याची धडपड दिसते. चुकलेलं, सावरलेलं. बूटवाल्यांचा पहिला बूट बघवत नाही, पण त्यांनी त्याला हात लावलेला नाही. तुम्ही सगळं पुसून टाकलंत. आता यात बघण्यासारखं काय राहिलं? हे तर दुकानात मिळतं!"

दुकानात मिळतं! मास्तरीणबाईंना कुणी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

आणि नेमका त्याच वेळी मागच्या दारातून आवाज आला, "अगं, माझा चष्मा पाहिलास का? पुसायचा होता."

मास्तरीणबाईंनी वळून पाहिलं. नवरा! पुढच्या खोलीत! तो कोट घालून! त्यांनी झेप घेतली ती पासष्टीच्या बाईला शोभणारी नव्हती. नवऱ्याला खांद्याला धरलं, गिरकी दिली आणि कोपऱ्यातल्या आडोशात ढकलून पडदा ओढला.

"कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक! कपडे घालून बघतंय!"

"मागच्या दारानं?"

"लाजरं आहे!"

पडदा जुना होता, नीट लागायचा नाही. आतल्या लाजऱ्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपण मदत करावी. त्यानं आतून पडद्याची कड धरून ठेवली. डाव्या हातानं. त्यामुळे सगळा माणूस आत राहिला आणि डावी बाही तेवढी बाहेर!

संग्रहालयातल्या बाई जायला उठल्या होत्या. त्या थांबल्या. पडद्याजवळ गेल्या, चष्मा लावला, आणि अर्धवट काढलेला हातमोजा पुन्हा चढवला.

"हलू नका हं," त्या बाहीला म्हणाल्या.

"बरं," बाही म्हणाली.

"हा टाका... हा हातचा आहे. इथे दोरा संपला, दुसरा रंग घेतला. इथे उसवून पुन्हा घातलंय. दोनदा! इथे खडूची खूण अजून आहे! हे कुणी शिवलं?"

पडद्यामागून आवाज आला, "हिनं. पहिलाच. पण मला बसतो हं."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

कोट अंगातून उतरवला, टेबलावर पसरला, आणि बाई त्याच्यावर अशा वाकल्या जणू तान्हं मूल बघतायत. नवरा बनियनवर एका बाजूला उभा, अंग चोरून. बाईंनी दोन्ही बाह्या मोजल्या. "डावी लांब! किती गोड! मास्तरीणबाई, कपाट तुमचं. पण ह्या कोटासाठी."

"तो कोट माझं नाव लावून ठेवायचा? सगळ्या गावासमोर? त्यापेक्षा मला उभी करा ना कपाटात, नाक कापून!"

"आई," सून हळूच म्हणाली, "नाहीतर बूटवाले."

मास्तरीणबाईंनी कोटाकडे पाहिलं. नकळत त्यांचा हात कात्रीकडे गेला होता. बाईंनी तो पाहिला, कोट झटकन मऊ कागदात गुंडाळला, पेटीत घातला आणि पेटी काखेत मारून त्या बाहेर पडल्या. चहालासुद्धा थांबल्या नाहीत!

महिन्याभरानं दालन उघडलं. सगळे बघायला गेले. जाऊसुद्धा. काचेच्या कपाटात वरून प्रकाश सोडलेला, आणि मध्ये तो कोट, राजासारखा. खाली पाटी. मास्तरीणबाईंना अक्षरं लावून लावून वाचावी लागायची, त्या सुरुवात करेपर्यंत जावेनं अख्खी पाटी वाचून टाकली. घसा ताणून!

"'सुरुवातीचं काम. डावी बाही उजवीपेक्षा लांब. नवशिकेपणातली चूक.' अगंबाई! ताई, चूक म्हणे!"

"ऐकू येतं मला!"

"मोठ्या अक्षरात आहे हो!"

बूटवाला मागे उभा होता. नुसता हसला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं!

घरी आल्यावर मास्तरीणबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि त्या दोन दिवसांत नवऱ्याचा चष्मा मळला. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेप घेतली. नवऱ्याला थंडीत घालायला कोट नव्हता, आणि आपण आता कसा कोट शिवतो हे एकदा जगाला दाखवायलाच हवं होतं. भारी कापड काढलं. उजव्या हाताचं माप घेतलं, दोन्ही बाह्या त्यावर बेतल्या. असंच करतात जाणते लोक. दोन्ही हात मोजत बसायला ते काय नवशिके आहेत? कॉलर अशी बसवली की हवेनं हलू नये. काजं छापल्यासारखी. कोट तयार झाला. नवऱ्याच्या अंगात घातला.

"डावा हात खाली सोडा."

"सोडलाय."

"नीट सोडा! मनगट का दिसतंय?"

"मला काय माहीत? माझं मनगट तिथेच असतं."

मास्तरीणबाईंनी बाही ओढली. पुन्हा ओढली. मनगट बाहेरच! त्यांनी टेप घेऊन उजवा हात मोजला. मग डावा मोजला. मग पुन्हा उजवा. मग खुर्चीवर बसल्या.

डावा हात दोन बोटं लांब होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"मला तरी कुठे माहीत होतं?" नवरा दोन्ही हात समोर धरून बघत होता, दुसऱ्याचे असावेत तसे. "दुकानातले सगळे कोट डावीकडे आखूड व्हायचे. मला वाटायचं, दुकानदार फसवतात. तुझाच एक बसायचा. म्हणून तर म्हणत होतो ना, मला बसतो!"

मास्तरीणबाईंना आठवलं. तेव्हा नव्या होत्या, कापड महाग, चुकेल अशी भीती. म्हणून त्यांनी सगळं दोनदा मोजलं होतं. दोन्ही हात. दोन्ही खांदे. दोन्ही कान मोजायचे तेवढे राहिले होते! आणि जसं मोजलं, तसंच बेतलं होतं.

त्या उठल्या तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता.

"चप्पल घाला! चला संग्रहालयात! सूनबाई, तूपण चल. चूक म्हणे! माल अगदी बरोबर होता. गिऱ्हाईकच तिरपं होतं!"

वाटेत भेटेल त्याला त्यांनी थांबवून सांगितलं. भट्टीवाल्याला सांगितलं, छत्रीवाल्याला सांगितलं, बूटवाल्याच्या दुकानासमोर तर मुद्दाम दोनदा सांगितलं. नवऱ्याला दर वेळी हात खाली सोडून उभं राहावं लागलं. पुरावा हवा म्हणून नवा कोट त्याच्या अंगातच ठेवला होता.

संग्रहालयातल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. नवऱ्याचे हात मोजले. कपाट उघडून जुना कोट काढला, त्याच्या अंगात घालून पाहिला. दोन्ही बाह्या मनगटावर अशा येऊन थांबल्या, जणू पट्टीनं आखल्या होत्या.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आमची पाटी चुकली. आजच बदलते."

मास्तरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, कारण तिथे दुसरं कुणी बघायला नव्हतं.

"आणि हा नवा," बाईंनी दुसरा कोट उचलला, "हाही तुम्हीच शिवलात?"

"मग! मागच्या आठवड्यात! काजं बघा!"

"काजं सुरेख आहेत. कॉलरही. फक्त डावी बाही आखूड आहे." बाई हातमोजे घालत होत्या. "मास्तरीणबाई, हाही द्या ना. दोन्ही शेजारी ठेवू. एक सुरुवातीचं काम, मापं अचूक. आणि एक अनुभवी हाताची चूक. असा जोड आम्हाला कुणाकडेच मिळाला नसता!"

सून तोंडावर रुमाल धरून दालनाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

कपाटाला कुलूप लागलं. दोन्ही कोट आत. बाहेर नवरा शर्टावर उभा, दोन्ही दंडांना हातांनी घट्ट धरून. काचेत बघून तो म्हणाला, "अगं, मग आता मी घालू काय?"

मास्तरीणबाईंनी पिशवीतून टेप काढली.

"हात पुढे करा."

"कुठला?"

"दोन्ही!"